एचएप्रॉक्सी आणि वार्निश : पूर, निकाल आणि अकरा महिन्यांचा वापर

सांगलीत पावसाळ्यात लोक घड्याळापेक्षा आयर्विन पुलाची पाणीपातळी जास्त वेळा बघतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. आमच्या छोट्या स्थानिक बातम्यांच्या साइटवर पातळीचं एक साधं पान आहे. 2024च्या जुलैत पाऊस लागला तेव्हा त्याच पानानं साइट झोपवली. सर्व्हर एकच, वर्डप्रेसही त्यावर, डेटाबेसही त्यावर. लोक मिनिटाला रिफ्रेश मारत होते आणि प्रत्येक रिफ्रेशला पीएचपी (वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा) तेच पान पहिल्यापासून रांधत होतं.

ऑगस्टमध्ये सगळी मांडणी बदलली. दारात एचएप्रॉक्सी, म्हणजे आलेल्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देणारं सॉफ्टवेअर; टीएलएस, म्हणजे https चं कुलूप, तिथेच उलगडतं. त्याच्यामागे वार्निश, जे तयार पानाची प्रत स्वतःच्या साठ्यात (कॅशेत) ठेवतं आणि पुढच्या वाचकाला तीच देतं. वार्निशकडे पान नसेल तर विनंती पुन्हा एचएप्रॉक्सीतून तीन अ‍ॅप सर्व्हरपैकी एकाकडे जाते. डेटाबेस वेगळ्या मशीनवर. डेबियन 12मध्ये मिळतात तीच पॅकेजेस घेतली, म्हणजे एचएप्रॉक्सी 2.6 आणि वार्निश 7.1. दोन्ही फुकट आहेत. खर्च झाला तो मशीनच्या भाड्याचा आणि माझ्या झोपेचा.

वार्निश घेण्यामागे थोडा भावनिक भागही होता. हे सॉफ्टवेअर जन्मलंच एका वर्तमानपत्रासाठी. नॉर्वेच्या ‘वेर्डेन्स गांग’साठी पॉल-हेनिंग काम्प यांनी ते रचलं, 2006मध्ये पहिली आवृत्ती आली, आणि तिथे स्क्विड या जुन्या कॅशे सॉफ्टवेअरच्या 12 मशीनचं काम 3 वार्निश मशीननी उचललं. म्हटलं, ओस्लोत चाललं तर सांगलीच्या विश्रामबागेत का नाही.

पहिला आठवडा मात्र सपशेल वाया. वार्निशस्टॅट हा वार्निशचा आकडे दाखवणारा पडदा उघडून बसलो तर बहुतेक विनंत्या अजूनही मागेच जात होत्या. कारण साधं होतं, मीच माहितीपत्रक नीट वाचलं नव्हतं. विनंतीबरोबर कुकी (साइटनं वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची चिठ्ठी) आली की वार्निश पान कॅशेतून देत नाही, सरळ मागे सोडतं. एकाचं खातं दुसऱ्याला दिसू नये म्हणून हा नियम, आणि तो योग्यच आहे. पण वाचकांची मोजदाद करणारी स्क्रिप्ट प्रत्येक ब्राउझरमध्ये कुकी टाकते, त्यामुळे आमचा प्रत्येक वाचक वार्निशच्या लेखी ‘खास’ झाला होता. लॉगिनची कुकी सोडून बाकी सगळ्या दारातच काढून टाकल्या, आणि त्या संध्याकाळी तिन्ही अ‍ॅप सर्व्हर अक्षरशः माशा मारत बसले.

पत्त्यांचा घोळ दोन प्रकारचा निघाला. फेसबुकवरून येणाऱ्या लिंकला एफबीसीएलआयडीची लांबलचक शेपटी असते, आणि ती प्रत्येक वेळी वेगळी. वार्निशला ती प्रत्येक शेपटी म्हणजे नवं पान. ती छाटणं सोपं. दुसरा प्रकार खास आपल्या लिपीचा, आणि त्यावर माझे चार दिवस गेले. देवनागरी पत्ता पाठवताना टक्केवारीची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांच्या साखळीत बदलतो. वर्डप्रेस ती अक्षरं लहान लिपीत लिहितं, तर कुणी देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकला की तीच मोठ्या लिपीत जातात. बातमी एक, पत्ता वाचायलाही एकच, पण कॅशेत दोन प्रती. आम्ही बातमी दुरुस्त करून कॅशे साफ केला की एकच प्रत जायची. उपसंपादक मुलगी तीनदा सांगायची, “दादा, माझ्याकडे नवीन दिसतंय, सरांकडे जुनंच आहे,” आणि मी तिलाच पान रिफ्रेश करायला सांगायचो. चूक माझी होती. आता बातमीचा पत्ता आधी लहान लिपीत करूनच वार्निशच्या हाती जातो. (देवनागरी पत्ते वापरूच नयेत असं म्हणणारे भेटतात. मी वापरणार.)

एचएप्रॉक्सीबद्दल तक्रार जवळपास नाही. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट भार वाटणं ही नाही, ते कुणीही करतं. आवडली ती मॅक्सकॉन ही एक ओळ, म्हणजे एका सर्व्हरला एका वेळी जास्तीत जास्त किती विनंत्या द्यायच्या तो आकडा. आमच्या प्रत्येक सर्व्हरवर पीएचपीचे 20 कामगार आहेत, म्हणून तिथेही 20 लिहिलं. एकविसावी विनंती सर्व्हरच्या अंगावर पडत नाही, एचएप्रॉक्सीकडे टोकन घेऊन थांबते आणि ज्याचं काउंटर आधी मोकळं होईल तिकडे जाते. बँकेत एकच रांग आणि चार खिडक्या असतात तसं. गर्दीत पान अर्धा सेकंद उशिरा येतं, पण सर्व्हर आडवा होत नाही.

तब्येत तपासणीत मात्र मी स्वतःच्या हातानं साइट पाडली. एचएप्रॉक्सी दर 2 सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतं, सलग 3 वेळा नीट उत्तर नाही आलं की त्याला यादीतून काढतं. तपासणीसाठी मी मुखपृष्ठ दिलं होतं. एका संध्याकाळी डेटाबेस रेंगाळला, एका सर्व्हरचं मुखपृष्ठ उशिरा आलं, तो बाद झाला. त्याचा भार उरलेल्या दोघांवर, मग तेही बाद. तिन्ही मशीन जिवंत आणि दारावर 503, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. आता तपासणी पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपीचे कामगार सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) पिंग पानावर जाते, जे डेटाबेसला न विचारता फक्त ‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगतं. डेटाबेस मंद असला म्हणून सगळे एकदम मेले असं ठरत नाही. त्याच सुमारास आणखी एक गंमत झाली. वर्डप्रेसच्या सुरक्षेच्या एका प्लगिननं लोड बॅलन्सरचाच, म्हणजे एचएप्रॉक्सीचाच, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ब्लॉक केला, कारण त्याच्या दृष्टीनं सगळे वाचक त्या एकाच पत्त्यावरून येत होते. वाचकाचा खरा आयपी प्रॉक्सी प्रोटोकॉलनं (मूळ पत्ता पुढच्या मशीनला कळवण्याच्या पद्धतीनं) शेवटपर्यंत पोचवा, आणि हे पहिल्याच दिवशी करा.

23 नोव्हेंबर 2024, विधानसभेची मतमोजणी. निकालाच्या पानाला 10 सेकंदांची मुदत दिली होती. वाचक हजार असोत की लाख, त्या पानासाठी मागे दर 10 सेकंदांना एकच विनंती. मुदत संपली तरी वार्निश जुनं पान देत राहतं आणि मागच्या मागे नवं आणतं. यालाच ग्रेस म्हणतात. संपादकसाहेब दोनदा डोकावून गेले, “चालू आहे ना हो?” मी चहा पीत होतो, हे त्यांना फारसं रुचलं नाही. दहावीचा निकालही असाच गेला. तीनपैकी एक अ‍ॅप सर्व्हर मी या जूनमध्ये बंद केला. तो मुळात घ्यायलाच नको होता.

ग्रेस हे दुधारी प्रकरण आहे हे मात्र यंदाच्या पावसात कळलं. मूळ ग्रेस 10 सेकंदांचा असतो. मी उत्साहानं सगळ्या साइटला 6 तासांचा दिला होता, वर मागून 500च्या घरातलं, म्हणजे सर्व्हर बिघडल्याचं, उत्तर आलं तर ते टाकून जुनंच पान जपायची सोयही केली होती. एका रात्री डिस्क भरून डेटाबेस बंद पडला. साइट सुरू, पानं झटक्यात उघडतायत, मला एकही फोन नाही. पहाटे पाचला मावशींचा आला. त्या नदीकाठी राहतात. “अरे, तुझ्या त्या पानावर रात्री अकराचीच पातळी आहे. पाणी तर पायरीला लागलंय.”

बातमी सहा तास जुनी दिसली तर काही बिघडत नाही. पातळी जुनी दिसली तर बिघडतं, आणि वार्निशला यातला फरक कळायचा काही मार्ग नाही. तो मी सांगायला हवा होता. आता आमच्याकडे पानांचे चार गट आहेत. संपादक आणि मी समोरासमोर बसून ‘हे पान किती जुनं चालेल’ असं प्रत्येकाला विचारून मुदती ठरवल्या. कॉन्फिगरेशनपेक्षा त्या बैठकीला जास्त वेळ लागला. जुन्या अंकांना एक दिवस, बातम्यांना एक तास, मुखपृष्ठाला दहा मिनिटं. पातळीच्या पानाला ग्रेस फक्त 2 मिनिटं. त्यानंतर ते पान ‘पातळी सध्या उपलब्ध नाही’ असं सांगतं आणि खाली जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर दाखवतं. जुन्या पानांचं वय मोजून मला एसएमएस करणारी एक छोटी स्क्रिप्टही लावली आहे.

संपादकसाहेबांना ते ‘उपलब्ध नाही’ अजून खटकतं. मावशींना चालतं.

राहिलेलं काम एकच : दारातला एचएप्रॉक्सी अजून एकटाच आहे. जोडीदार उभा करायचाय, दिवाळीच्या आत.