१४ एमएमची लेन्स, अकरा महिने आणि एक झाकण

लेन्स चांगली आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे झाकणाबद्दल इतकं येणार आहे की माणसाने लेन्स घेतली की बरणी, असा प्रश्न पडेल.

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून घेतली. कॅमेऱ्याची वाइड अँगल लेन्स, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी: १४ एमएम, एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी, फोकस हाताने. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की लोक लेन्स सोडून कंपनीवरून भांडत बसतात. समोरची काच फुगीर, बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली, तिच्याभोवती आडवा उजेड अडवणारा पाकळ्यांचा हूड कायमचा जोडलेला, आणि त्या हूडवर टोपीसारखं सरकवायचं झाकण. अशी लेन्स बऱ्याच कंपन्या काढतात, माझी त्यातली एक.

दुसरा पर्याय होता १६-३५ एफ/४ झूम. ऑटोफोकस, हात हलला तरी सांभाळणारं स्टॅबिलायझेशन, पुढे ७७ एमएमचा फिल्टर लागतो, आणि ७७चा पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, माझ्याकडे आधीपासून पडलेला. शहाण्या माणसाने तीच घेतली असती. पण किंमत अडीचपट. शिवाय मला आकाशगंगा काढायची होती आणि तिथे एफ/४पेक्षा एफ/२.८ला दुप्पट उजेड मिळतो. दोन एमएमने जास्त रुंद आणि पैसे कमी, असा हिशेब केला. मागे वळून पाहता हिशेब बरोबर होता, फक्त त्यात झाकण धरलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी, अमावस्येच्या आसपास, हरिश्चंद्रगडावर गेलो. पाचनईकडून, कारण तोलारखिंडीच्या वाटेची हौस पंचविशीत भागली. त्या दिवसांत आकाशगंगेचा दाट भाग पहाटे आग्नेयेला उगवतो, म्हणून साडेतीनचा गजर लावून कोकणकड्यावर झोपलो. उठलो, हेडलँप लावला, बॅगेत हात घातला तर झाकण निघून तळाला पडलेलं आणि काचेला पॉवर बँक टेकलेली. हे पहिल्यांदा नव्हतं. नवीन असताना झाकण घट्ट बसायचं, दोन-तीन महिन्यांत आतली मखमल झिजली आणि ते नुसतं ठेवल्यासारखं राहायला लागलं. ज्या काचेवर फिल्टर लावता येत नाही, तिचं एकमेव संरक्षण असं ढिलं असावं, याला काय म्हणायचं?

फोटो झाले. उजाडताना कड्याच्या कडेशी पालथा पडून दरीचा एक काढावा म्हणून झाकण जॅकेटच्या खिशात ठेवलं. खिशाची चेन उघडी. मी वाकलो आणि ते दगडावर टप्पा घेऊन शांतपणे कोकणात गेलं.

कोकणकड्यावरून खाली टाकलेली हलकी वस्तू वारा परत वर आणतो म्हणतात. लोक बाटलीची बुचं टाकून बघतात, टाकू नयेत, पण टाकतात. मी पाच मिनिटं उभा राहिलो. माझं झाकण काही आलं नाही.

उतरताना लेन्सला पायमोजा घातला. धुतलेला होता.

पुण्यात आल्यावर दुकानदार म्हणाला, झाकण सुटं येत नाही, सर्व्हिस सेंटरला विचारा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, ही अ‍ॅक्सेसरी आहे, दुकानदाराला विचारा. तिसऱ्या फोनला एक बाई भेटल्या, त्यांनी पार्ट नंबर शोधून दिला: ८५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, कुरिअर वेगळं, पैसे आगाऊ, सहा ते आठ आठवडे. प्लॅस्टिकच्या एका चकतीला हजार रुपये! मी म्हटलं, वॉरंटीत बसत नाही का? म्हणाल्या, "सर, हरवलेली वस्तू वॉरंटीत कशी बसेल?" उत्तर अचूक होतं, त्यामुळे जास्तच राग आला. पैसे भरले.

तोवर काय करायचं? हूडला दोरा गुंडाळून माप घेतलं आणि लेन्स पिशवीत घालून तुळशीबागेत गेलो. तिसऱ्या दुकानात एका काकांनी लेन्स हातात घेतली, काचेत स्वतःचं नाक पाहिलं आणि मागच्या फळीवरून एकेक डबा काढून झाकणं लावायला सुरुवात केली. पाचवं झाकण बसलं. नुसतं बसलं नाही, 'टक' आवाज करून बसलं. मी म्हटलं, एवढं झाकण द्या. काका म्हणाले, "झाकण सुटं मिळत नाही, डबा घ्यावा लागेल." हे वाक्य मी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकत होतो, पण इथे डबा ४५ रुपयांना होता. झाकणाच्या आत खुर्चीच्या पायांना चिकटवतात तो फेल्ट लावला. पारदर्शक झाकण, वर फिकट गुलाबी कडा. बॅग उलटी केली तरी पडत नाही.

आता लेन्सबद्दल.

फोकसच्या रिंगवर अनंताची, म्हणजे खूप दूरच्या फोकसची खूण आहे ना, तिच्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या नगात ती चुकीच्या जागी आहे. खुणेवर ठेवून काढलेल्या पहिल्या रात्रीच्या फोटोंत तारे उडदाच्या दाण्याएवढे आले. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, एक ठळक तारा दहापट मोठा करून, तो बारीकात बारीक दिसेल तिथे रिंग थांबवली आणि घरातल्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. दुसरा ठिपका टेपने मोजून ८० सेंटिमीटरवर. एफ/८ला तिथे फोकस ठेवला की साधारण ४० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याइतकं धारदार येतं, मग दिवसभर रिंगेला हात लावायचं कारण नाही. या दोन ठिपक्यांनी हाताच्या फोकसची तक्रार संपवली. एफ/१६च्या पुढे मात्र जाऊ नये, सगळा फोटो मऊ पडतो.

ताऱ्यांसाठी ५००ला १४ने भागून ३५ सेकंद शटर उघडं ठेवायचं, असा जुना आडाखा सांगतात. मोबाइलवर बघायला ठीक आहे. संगणकावर मोठं करून पाहिलं तर तारे लांबट दिसतात. मी २० सेकंदांच्या वर जात नाही.

दुसरी खोड समुद्रावर कळते. हर्णैला क्षितिज सरळ धरून काढलं तर मध्ये फुगलेलं आणि दोन्ही टोकांना परत वळलेलं, मिशीसारखं आलं. संगणकावर लेन्सचा प्रोफाइल, म्हणजे वाकडेपणा काढणारी तयार दुरुस्ती, लावला की सरळ होतं. डोंगरांत कुणाच्या बापाला कळत नाही.

पण खरी अडचण लेन्सची नाही, माझ्या समजुतीची होती, आणि पहिले तीन महिने मी तिचा राग लेन्सवर काढला. वाइड अँगल म्हणजे समोरचं सगळं मावणार, असं धरून घेतली होती. मावतं. ११४ अंशांचा कोन आहे, न मावून सांगेल कुणाला? पण मावताना सगळं बारीक होतं. नाणेघाटाच्या पठारावरून जीवधन आणि त्याच्या शेजारची वानरलिंगी काढली. डोळ्यांना छाती दडपणारा तो सुळका फोटोत दात कोरायच्या काडीएवढा. वर पाऊण फ्रेम पांढरं आकाश, खाली माझ्या बुटांची टोकं. हो, बुटं येतात, ट्रायपॉडचा पाय येतो, कॅमेऱ्याचा पट्टा वाऱ्याने उडाला तर तोही येतो.

तेव्हा वैतागून मी ती जवळजवळ विकायला काढली होती. अशा दृश्यासाठी साधी ५० एमएमची लेन्स लावून, कॅमेरा उभा धरून, शेजारच्या फ्रेममध्ये तिसरा हिस्सा सामाईक ठेवत सात-आठ फोटो जोडले की डोंगर डोंगराएवढा राहतो आणि रुंदीही मिळते. फुकटात. कड्यावरून दिसणाऱ्या रांगांसाठी अजूनही मी तेच करतो.

मत बदललं ते त्याच नाणेघाटात, तासाभराने. जकातीचा तो दगडी रांजण सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यापासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसलो आणि फोटो काढला. रांजण अख्खी फ्रेम व्यापून पुढे आला, त्याच्या काठाचा झिजलेला दगड हाताला लागेल असा, आणि मागे घाटाची वाट पार बारीक होत गेलेली. दोन हजार वर्षांपूर्वी लोक जिथे नाणी टाकत म्हणतात, तिथे आपण आता वाकून बघतोय, असं काहीतरी त्यात आलं. मागचं बारीक होणं हाच या लेन्सचा गुण, फक्त पुढे काहीतरी मोठं हवं आणि आपण लाज सोडून त्याच्या अंगावर जायला हवं. मी तोवर सगळं उभ्याने काढत होतो.

त्यानंतर केदारेश्वराच्या गुहेत परत गेलो. कमरेएवढं गार पाणी, मध्ये शिवलिंग, चारांपैकी उरलेला एक खांब. मागे सरकायला जागा नाही. २४ एमएमने एकतर लिंग मिळतं नाहीतर खांब. १४ने छत, खांब, लिंग आणि पाण्यातलं प्रतिबिंब एका फ्रेममध्ये आलं. कॅमेरा मात्र पाण्याच्या पातळीला समांतर धरायला हवा. जरा वर कलला की तो बिचारा खांब आणखीच पडायला आल्यासारखा दिसतो. सांदण दरीतही तसंच. दोन भिंतींच्या फटीत दुसऱ्या कुठल्या लेन्सचं काम नाही.

पावसाळा हा वेगळा विषय. जुलैमध्ये नाणेघाटाचा उलटा धबधबा काढायला गेलो. वारा पाणी खालून वर फेकतो, म्हणजे ते थेट फुगीर काचेवर. फिल्टर नाही, हूड नावाला. एफ/८ला काचेवरचा प्रत्येक थेंब फोटोत धुरकट नाणं होऊन बसतो. मी जुन्या धोतराचे चार तुकडे नेले होते, पुसा-काढा-पुसा करत चाळीस फोटोंत तीन धड आले. झुळझुळीत पाण्यासाठी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर हवा, तर या आकाराला १५० एमएमच्या काचा आणि त्यांचा होल्डर लागतो, तेवढं माझं बजेट नाही. ७७चा पोलरायझर अजून कपाटात आहे. अर्थात तो लागला असता तरी एवढ्या रुंद कोनात निळं आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं येतं, म्हणून मनाची समजूत घालतो. आकाश आणि जमीन यांचा उजेड जुळत नसेल तर कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढून घरी जोडतो.

बुरशीची भीती सगळ्यांना असते. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवायचा सल्ला ऐकू नका, तांदळाची भुकटी रिंगेत जाते. घट्ट झाकणाचा फरसाणाचा मोठा डबा, तळाला ओल शोषणारे सिलिका जेलचे मणी, आत छोटा आर्द्रतामापक. ४५ टक्क्यांच्या आसपास ठेवलं की झालं. मण्यांनी रंग बदलला की तापवून कोरडे करायचे, मात्र स्वयंपाकाच्या तव्यावर नाही. यावर आमच्याकडे एकदा बोलणी झालेली आहेत.

सप्टेंबरमध्ये कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसलं. सूर्य पाठीशी, समोर दरीभर ढग, त्यात रंगीत कडं आणि मधोमध आपली सावली. आयुष्यात पहिल्यांदा. थरथरत्या हाताने १४ लावली. ते कडं असतं जेमतेम काही अंशांचं, त्यामुळे ११४ अंशांच्या फोटोत टिकलीएवढं आलं. शेजारच्या मुलाने मोबाइल तीनपट झूम करून काढलेला फोटो आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर फिरतोय. कौतुकाचा अंगठा मीही दिला.

हे सगळं पावसाळ्यानंतर लिहून ठेवलं होतं, आता थोडी भर. सहा ते आठ आठवड्यांचं झाकण सात महिन्यांनी आलं. मधल्या काळात अकरा फोन आणि चार मेल. खोकं बुटाच्या खोक्याएवढं, आत फुग्याचं प्लॅस्टिक, त्याच्या आत झाकण. लावलं. ढिलं! नवं कोरं असून जुन्यापेक्षा ढिलं. फोन केला तर तेच उत्तर: अ‍ॅक्सेसरी परत घेत नाही. मी त्या बाईंना तुळशीबागेचा पत्ता द्यायला निघालो होतो, पण त्यांचा काय दोष.

घ्यावी का? ज्याला एकच वाइड परवडणार आहे आणि धबधबे, फिल्टर, लग्नं असं सगळं करायचंय, त्याने पैसे साठवून किंवा वापरलेली १६-३५ घ्यावी. क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, असेल तर या लेन्सच्या नादी लागू नये, तिथे ती २१ एमएमसारखी वागते आणि वजन मात्र पूर्ण उचलावं लागतं. रात्रीचं आकाश, गुहा, देवळांचे सभामंडप आणि गुडघे धड असतील तर डोळे मिटून घ्या. मी विकत नाही.

कंपनीचं झाकण सध्या त्या बिनझाकणाच्या डब्यावर नुसतं टेकवून ठेवलंय. आत शेंगदाण्याचं कूट आहे. परवा मित्र लेन्स उसनी न्यायला आला, तेव्हा घरातून आवाज आला, "लेन्स द्या हो, झाकण परत आणायला सांगा."