बाखच्या फ्यूगसोबत नऊ महिने : एका पेटीवाल्याचा अनुभव

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हीच ठरवा. वीसेक वर्षं पेटी वाजवतोय, बहुतेक भजनाला, अधूनमधून नाट्यगीतांच्या साथीला. गेल्या वर्षी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि त्यासोबत जर्मन संगीतकार बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या रचनासंग्रहाच्या पहिल्या भागाचं नोटेशनचं पुस्तक. बारा सुरांवरून मेजर (शुद्ध गंधाराचं) आणि मायनर (कोमल गंधाराचं) धरून २४ जोड्या. प्रत्येक जोडीत एक प्रील्यूड (आधी येणारी मोकळी रचना) आणि एक फ्यूग, म्हणजे एकच धून (‘विषय’) अनेक ‘आवाज’, अर्थात स्वतंत्र सुरावटी, एकामागून एक उचलतात ती रचना. खरं तर मी ते प्रील्यूडसाठीच घेतलं होतं. अडकलो फ्यूगमध्ये.

पुस्तकाची तक्रार आधी उरकतो. पहिली प्रत स्वस्तातली, एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा आवृत्तीवरून पुन्हा छापलेली. दोन महिन्यांत पानं सुटली, झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेतलं. ते चालून गेलं असतं. पण पहिलाच प्रील्यूड रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना मी दर वेळी एका बारने (ठरावीक मात्रांच्या एका खणाने) मागे पडायचो. आठवडाभर स्वतःच्या लयीला दोष दिला. मग बार मोजले : माझ्या प्रतीत ३६, मूळ रचनेत ३५. बाविसाव्यानंतर एक बार जास्तीचा घुसवलेला. श्वेंके नावाच्या संगीतकारावरून तो ओळखला जातो आणि जुन्या छापील प्रतींमधून पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला. बाखचं हस्तलिखित १७२२चं, छपाई थेट १८०१ची, तोवर बाखला जाऊन पन्नास वर्षं झालेली. मध्ये कोणाकोणाचे हात लागले असतील! जोरात-हळू वाजवायच्या खुणाही त्या प्रतीत जागोजागी होत्या, बाखने एकही लिहिलेली नाही. तेव्हा घ्यायचंच तर मुखपृष्ठावर ‘उर्टेक्स्ट’ (म्हणजे संगीतकाराच्या मूळ लिखाणाला धरून छापलेली) लिहिलेली प्रत घ्या. महाग पडते, पण मग भांडण फक्त बाखशी राहतं.

आता मुद्द्याचं. सी मायनरचा फ्यूग, क्रमांक दोन, ३१ बार, तीन आवाज. सगळे म्हणतात म्हणून त्यानेच सुरुवात केली. मधला आवाज एकटाच विषय मांडतो. सीला षड्ज धरलं तर सुरुवात अशी : सां नी सां प, मग कोमल धैवत. दोन बारांच्या त्या वाक्यात सातच स्वर येतात आणि ते सातही किरवाणी रागाचे. माझा कान लगेच तिकडे पळाला. तिसऱ्या बारला वरचा आवाज तेच वाक्य पंचमावरून उचलतो आणि तीव्र मध्यम लावून माझी किरवाणी मोडून टाकतो. प, तीव्र म, प आणि मग...? हुबेहूब नक्कल असती तर चौथा स्वर रिषभ यायला हवा. बाख षड्ज लावतो. हा रिषभ मी महिनाभर चुकून वाजवत होतो आणि छपाईची चूक धरून बसलो होतो (आधीच्या अनुभवामुळे माझाही दोष नाही). मग कळलं की पहिल्याने ‘सा’वरून ‘प’ दाखवला म्हणून दुसरा ‘प’वरून ‘सा’ दाखवतो. उत्तर म्हणतात ते याला. गाडी एकदम पंचमाच्या घरी निघून जाऊ नये म्हणून केलेली ती तडजोड आहे.

याला जुगलबंदी म्हणू नका, मी म्हणत होतो. जुगलबंदीत एकाने वाजवलं की दुसरा घेतो, पहिला तेवढ्यात कपाळ पुसतो. इथे पहिल्याला सुट्टी नाही. वरच्याने विषय उचलला त्याच क्षणी मधला झरझर उतरणारी दुसरी ओळ सुरू करतो, आणि ती ओळ पुढे विषयासोबत सावलीसारखी येत राहते. सातव्या बारला खालचा आवाज विषय घेऊन येतो तेव्हा तिघंही बोलत असतात.

आणि इथेच पेटीवाल्याची पंचाईत होते. आमचा डावा हात म्हणजे भाता. उजवा गातो, डावा हवा देतो. त्या डाव्याला आता स्वतंत्र गाणं आलं. त्याहून वाईट म्हणजे मधल्या आवाजाला स्वतःचा हातच नाही. तो कधी उजव्या अंगठ्याकडे असतो, कधी डाव्या, आणि हस्तांतर ऐकणाऱ्याला कळता कामा नये. पहिल्या आठ बारांना मला पाच आठवडे लागले.

शेवटी उपयोगी पडली ती एकच युक्ती : दोन आवाज वाजवायचे आणि तिसरा सरगमने गायचा. वरचा गाणं सोपं, खालचा बरा, मधला गायला गेलो की बोटं थांबायची. म्हणजे इतके दिवस मी तो वाजवत होतो, ऐकत नव्हतो. नऊ महिन्यांत या पुस्तकाने माझ्या बोटांचं जे काय केलं असेल ते असो, कानाचं हे बिंग फोडलं.

एकदा हौस म्हणून पहिलं पान पेटीवर बसवलं. भाता मारायला भाचीला पलीकडून बसवलं, मी दोन्ही हात सुरांवर. “मामा, हात दुखला,” पर्यंत दहा बार झाले. पण खालचा विषय पियानोपेक्षा स्वच्छ ऐकू आला, कारण पेटीचा धरलेला सूर विरत नाही. पियानोवर तो विरतो आणि कानाने ओढून न्यावा लागतो. शेवटचा लांबवलेला खर्ज मात्र माझ्या पेटीत बसतच नाही.

बाकीचं थोडक्यात. ई मायनरचा फ्यूग या भागातला एकमेव दोन आवाजांचा, म्हणून सोपा समजलो आणि तोंडावर पडलो. पहिला, सी मेजरचा, २७ बारांत विषय चोवीसदा आणतो, एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा सुरू. तिसऱ्या महिन्यात सोडला, अजून हात लावलेला नाही. पाच आवाजांचे दोन आहेत. ते मी फक्त ऐकतो.

ऐकण्यावरून आठवलं. १७८२ साली मोझार्टने व्हिएन्नाहून वडिलांना लिहिलंय की दर रविवारी दुपारी बारा वाजता तो बॅरन फान स्वीटेन या संगीतप्रेमी उमरावाकडे जातो, तिथे हँडल आणि बाखशिवाय काही वाजत नाही. सहा वर्षांनी त्याने ‘ज्युपिटर’ सिम्फनी लिहिली. तिच्या शेवटच्या भागाची सुरुवात सा रे म ग, एवढे चारच स्वर. अखेरीस तो पाच धुना एकावर एक रचतो. पूर्वी मला तिथे नुसता जल्लोष ऐकू यायचा. आता तीन धुना धरता येतात, चौथीची शेपटी दिसते.

पुस्तकाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आमच्यासारख्यांनी आधी बाखची दोन आवाजांची १५ इन्व्हेन्शन (छोट्या रचना) करावीत, हे कुणी वेळेवर सांगितलं नाही म्हणून. मी उलट्या क्रमाने शिकलो.

गेल्या महिन्यात सी मायनर पहिल्यांदा न अडखळता पुरा झाला. भाची गाणं शिकते, शेजारीच बसली होती. अखेरच्या स्वरसमूहात बाख शुद्ध गंधार लावतो. ती लगेच म्हणाली, “मामा, शेवटी चुकलास.” मी पुस्तक पुढे करून त्या सुराआधीची नॅचरलची (शुद्ध स्वराची) खूण दाखवली. तिने ती बारकाईने पाहिली.

“मग इतका वेळ कोमल कशाला लावत होता?”