जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० : लाइट, नेटपॅक आणि खारी हवा धरून

देवगड-मालवणच्या होमस्टेच्या काउंटरवर, आंब्याच्या पेढीत, गुहागर-हर्णैच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जोडणी अजून सर्रास दिसते: तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क आणि त्यावर विंडोज १०. या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. तिला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज ७ ला परत जाण्यातही अर्थ नाही. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोम तिच्यावर १०९ व्या आवृत्तीवर थांबला. उरते विंडोज १०. हिच्याबद्दलचं आमचं मत सरळ आहे: एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर उत्तम, फिरत्या डिस्कवर वैताग.

तक्रार नेहमी एकच असते, ‘हँग होतो’. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सकाळी चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं ‘डिस्क’चा रकाना बघा. प्रोसेसर निवांत असतो, डिस्क मात्र १०० टक्क्यांवर चिकटलेली. विंडोज १० एकाच वेळी फाइलींची सूची करते, डिफेंडर या आपल्याच अँटिव्हायरसची तपासणी चालवते, अपडेट उतरवते आणि सिसमेन नावाची सेवा पुढे लागतील असे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये भरत बसते. ही सगळी कामं डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेल्या छोट्या फाइलींची. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क अशी कामं सेकंदाला शंभराच्या आसपासच उरकते, एसएसडी हजारोंनी करते. म्हणूनच साटा-२ (डिस्क जोडण्याची जुनी, हळू पद्धत) वेगाच्या जुन्या एच-६१ मदरबोर्डवरही एसएसडीचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. तिथे कॉपी करण्याचा वेग निम्मा मिळतो हे खरं, पण अडत होतं ते कॉपीपायी नव्हेच.

२४० जीबीची साटा एसएसडी दुकानाच्या कामाला पुरते. बसवताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड ‘आयडीई’वर राहतो. विंडोज टाकण्याआधीच तो ‘एएचसीआय’ करायचा, नंतर बदलला तर निळा पडदा येऊ शकतो. दुसरी, जुनी हार्डडिस्क जोडलेली ठेवूनच विंडोज टाकली जाते. इन्स्टॉलर मग बूटच्या फाइली गुपचूप जुन्या डिस्कवर ठेवू शकतो, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क मेली की नव्या एसएसडीवरची चांगली विंडोजही उघडत नाही. म्हणून इन्स्टॉल होईपर्यंत जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा. तिसरी, आवृत्ती बदलते. आधी होम असेल तर होमच, प्रो असेल तर प्रोच टाकायची. परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडला तरी नेट जोडल्यावर तो आपोआप लागू होतो. आवृत्ती चुकली की होत नाही, आणि मग कुणीतरी पेनड्राइव्हमधून क्रॅक काढतो. व्हायरसला ते आमंत्रणच.

रॅम ४ वरून ८ जीबी करणं हा दुसरा खर्च. क्रोमचे आठ टॅब आणि टॅली एकत्र चालवणाऱ्यांनी तो करावाच. लॅपटॉपवाल्यांनी सांभाळायचं ते एवढंच की चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल लागते. नुसती डीडीआर-३ खोबणीत बसते, पण मशीन चालू होत नाही आणि दोष मदरबोर्डवर जातो. ‘दिस पीसी’च्या प्रॉपर्टीजमध्ये ३२ बिट दिसत असेल तर रॅम घेण्याआधी थांबा. ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पलीकडे बघतच नाही. ६४ बिट करायला पूर्ण नव्याने टाकावी लागते, परवाना मात्र तोच चालतो.

एसएसडीचं बजेट नसेल तर फिरत्या डिस्कवर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन सिसमेन ‘डिसेबल्ड’ करून बघा. ४ जीबीच्या मशीनवर सकाळची घरघर कमी होते. एसएसडीवर मात्र तिला हात लावू नका, काही मिळत नाही.

आता सेटिंग. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ टॅबमध्ये जे बंद करण्यासारखं आहे ते करा: टीम्स, प्रिंटर कंपनीचे मदतनीस, गाणी-व्हिडिओवाले, वापरात नसलेले अपडेटर. आवाज, टचपॅड, विंडोज सिक्युरिटी आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर राहू दे. एज ब्राउझर वापरत नसलात तरी तो मागे चालू असतो. त्याच्या ‘सिस्टिम अँड परफॉर्मन्स’मध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि बंद केल्यावरही एक्स्टेन्शन चालू ठेवण्याचा पर्याय, दोन्ही बंद करा. टास्कबारवर उजवी क्लिक करून ‘न्यूज अँड इंटरेस्ट्स’ घालवा. ‘प्रायव्हसी’मधल्या ‘बॅकग्राउंड अॅप्स’च्या यादीतही बरंच काही उगाच चालू असतं.

व्हिज्युअल इफेक्ट्सबद्दल जरा सांभाळून. सगळेच सल्ले ‘अॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा म्हणतात. तसं केलं की अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूणही निघते. इंग्रजीला ते एकवेळ चालतं, देवनागरीची मात्र वाट लागते: रफार, अनुस्वार, जोडाक्षरातला अर्धा भाग तुटका दिसतो आणि जुन्या कमी रिझोल्यूशनच्या मॉनिटरवर सातबारा वाचताना डोळे दुखतात. तेव्हा ‘कस्टम’ निवडा, अॅनिमेशन आणि सावल्या काढा, पण ‘स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ आणि थंबनेलची खूण ठेवा.

मराठीसाठी विंडोज १० ने जे केलं त्याला मात्र दाद द्यायला हवी. २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो, वेगळं काही उतरवावं लागत नाही. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडून तिच्या पर्यायांत तो कीबोर्ड घ्यायचा, आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. इन्स्क्रिप्ट शिकलेल्यांना तोही आहेच. एक खोच आहे. विंडोज ७ वर कोकिळा, अपराजिता किंवा उत्साह फॉन्टमध्ये केलेली जुनी पत्रं इथे उघडली की ओळी सरकतात, कारण हे फॉन्ट आता आधीपासून बसवलेले नसतात. ‘अॅप्स’मधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधून जोडा, पत्र पूर्ववत होतं. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर कीबोर्ड ‘इंग्लिश इंडिया’ ठेवून उजव्या ऑल्टबरोबर ४ दाबा. ‘यूएस’ कीबोर्डवर ते उमटत नाही.

आता नेटपॅक. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या कॉम्प्युटरने दुपारपर्यंत दिवसाचा डेटा खाल्ला, ही तक्रार होमस्टेवाल्यांकडून हमखास येते. वाय-फायच्या नावावर क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सेट अॅज मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग अत्यावश्यक सोडून बाकीची अपडेट आपोआप उतरत नाहीत, वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवणही थांबते. यूएसबी केबलने मोबाइल जोडत असाल तर कॉम्प्युटर त्याला इथरनेट समजतो, त्यामुळे हीच खूण इथरनेटखाली वेगळी करावी लागते. बरेच जण फक्त वाय-फायला करतात आणि केबल लावल्यावर पुन्हा तेच रडगाणं. पण मीटर्ड करून विसरून जाऊ नका. मायक्रोसॉफ्टची महिन्याची अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे ती रात्र असते. त्या आठवड्यात एकदा चांगल्या नेटवर नेऊन ती उतरवून घ्या, काहीशे एमबीचा मामला असतो. एकाच जागी दोन-तीन कॉम्प्युटर असतील तर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये ‘पीसीज ऑन माय लोकल नेटवर्क’ ठेवा, म्हणजे एकाने उतरवलेलं दुसरा त्याच्याकडून घेऊ शकतो. इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरचा पर्याय नको, त्यात तुमचा डेटा परक्यांना वाटण्यात जातो.

पावसाळ्यातला खरा शत्रू लाइट. विंडोज १० मधलं ‘फास्ट स्टार्टअप’ इथे फायद्यापेक्षा त्रास जास्त देतं. ते चालू असताना ‘शटडाउन’ केलं तरी यंत्रणेचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उघडतो. म्हणजे कालचा बिघडलेला ड्रायव्हर आजही बिघडलेलाच. ‘रिस्टार्ट केलं की प्रिंटर चालतो, बंद करून चालू केलं की नाही’ या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असं जाऊन, वरची ‘चेंज सेटिंग्ज’ची ओळ दाबून ही खूण काढा. एसएसडीवर चालू व्हायला लागणाऱ्या वेळात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. एचपी १०२० प्रिंटर असेल तर त्याचं कारण वेगळं. तो स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) साठवत नाही, दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरकडून यूएसबीवर घेतो. म्हणून लाइट येऊन-जाऊन तो ‘ऑफलाइन’ दिसला तर विंडोज पूर्ण उघडू द्या आणि मग फक्त प्रिंटर बंद-चालू करा. पुन्हा ड्रायव्हर टाकत बसायची गरज नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ टॅबवर दुसरी खूण असते, ‘टर्न ऑफ विंडोज राइट कॅश बफर फ्लशिंग’. वेग वाढतो म्हणून ती करायला सांगणारे व्हिडिओ बरेच आहेत. करू नका. तिने डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीतला मजकूर पक्का लिहिला जाण्याची सक्ती निघते, आणि त्या क्षणी लाइट गेली तर टॅलीचा डेटा किंवा फाइलींची सूचीच तुटते. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे ना ते बघा. दुसऱ्या मोडवर बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो.

सिस्टिम रिस्टोअर बऱ्याच मशीनवर बंदच असतं. ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हसाठी चालू करा, ५ टक्के जागा पुरे. आणि जागा मोकळी करताना ‘स्टोरेज’मधल्या ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर खूण करू नका. आपल्याकडे सातबारा, आधार, जीएसटीची चलनं सगळं तिथेच पडलेलं असतं.

तारीख मागे जाऊन बसली असेल तर विंडोजला दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला असतो. चुकीच्या तारखेमुळे वेबसाइटींची प्रमाणपत्रं अवैध ठरतात, ‘कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ येतं, अपडेटही अडतात. सेल बदला, काम झालं. खाऱ्या हवेत रॅमच्या पिवळ्या पट्ट्यांवरही थर चढतो आणि मशीन नुसतं बीप देतं. वायर काढून, पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासून पुन्हा बसवायच्या.

रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर, ‘लाइट’ म्हणून फिरणाऱ्या कापलेल्या विंडोज, यांपैकी काहीच नको. ‘व्हर्च्युअल मेमरी’ (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) शून्य करण्याचा सल्ला ४ जीबीच्या मशीनवर तर घातकच, क्रोम मध्येच कोसळतो.

शेवटचा मुद्दा आधाराचा, आणि इथे मायक्रोसॉफ्टने काम उगाच किचकट केलं आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी ‘ईएसयू’ नावाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी २२-एच-२ आवृत्ती हवी. स्टार्ट मेनूत ‘विनव्हर’ टाकलं की आवृत्ती कळते. मग ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त नोंदणीची ओळ दिसते. पैसे भरायचे तर ३० डॉलर, नाहीतर मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकट. फुकटचा मार्ग घेताना डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप या फोल्डरांच्या खुणा काढा. नाहीतर वनड्राइव्हची फुकटची ५ जीबी जागा भरते आणि हॉटस्पॉटचा डेटा वर जातो तो वेगळाच. एज ब्राउझरची अपडेट किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत, पण त्याने खालच्या यंत्रणेची भोकं बुजत नाहीत.

ज्यांचं काम फक्त ब्राउझर, मेल आणि बुकिंगचं आहे त्यांनी याच मशीनवर लिनक्स मिंट या फुकटच्या यंत्रणेची हलकी एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघावी, इन्स्टॉल न करताही ती उघडते. टॅली, डिजिटल सहीचं टोकन किंवा अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र रोज लागत असेल तर तो विचार सोडा आणि नव्या मशीनसाठी बाजूला काढायला लागा. कोअर टू ड्युओवाल्यांनी मात्र एसएसडीवरही पैसे घालू नयेत. त्यांचा प्रोसेसरच आता एक साधं वेबपान उघडताना धापा टाकतो.