सरफेस प्रो की आयपॅड प्रो? नुसत्या टॅबच्या भावावर जाऊ नका

गेल्या महिन्यात घरातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो घेऊ की ॲपलचा आयपॅड प्रो? भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेहुण्यांचं सदाशिव पेठेत सीएचं ऑफिस आहे आणि बायको घरीच दहावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तिघांनाही पेनने लिहायचंय, कीबोर्डवर टायपिंगही करायचंय आणि वस्तू मात्र एकच घ्यायची आहे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला त्यामुळे जुनी मशीन बदलायचीच होती. मग मी बसून नीट हिशेब केला, तो इथे लिहितोय कारण असाच प्रश्न पडलेले बरेच जण असतील.

आधी भावाचं बोलू, कारण सगळे तिथेच फसतात. जाहिरातीत जो आकडा असतो तो नुसत्या काचेच्या पाटीचा असतो, कीबोर्ड वेगळा, पेन वेगळं, आणि हे दोन्ही कंपन्यांचं सारखंच आहे. आयपॅड प्रो आपल्याकडे ११ इंची ९९,९०० ला आणि १३ इंची १,२९,९०० ला सुरू होतो, एम ४ चिपवाला २०२४ मध्ये आला तेव्हाही तोच भाव आणि ऑक्टोबर २०२५ ला एम ५ आला तेव्हाही तोच. १३ इंचीला मॅजिक कीबोर्ड ३३,९०० चा, पेन्सिल प्रो ११,९०० ची, म्हणजे बेरीज १,७५,७००. पावणेदोन लाख! आणि हे २५६ जीबीमध्ये, ५१२ पाहिजे असेल तर अजून २०,००० आणि सिमवालं मॉडेल पाहिजे असेल तर आणखी २०,०००.

सरफेस प्रोचे भाव मी मुद्दाम डॉलरमध्ये लावून बघितले, कारण इथले दुकानदुकानाला बदलतात आणि मॉडेलही सगळी सगळीकडे मिळत नाहीत. त्याची १३ इंची ११वी आवृत्ती जून २०२४ मध्ये ९९९ डॉलरपासून आली, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी. त्यावर फ्लेक्स कीबोर्ड पेनसकट घेतला तर साधारण ४५० डॉलर. म्हणजे १,४५० च्या आसपास, आणि त्याच हिशेबाने १३ इंची आयपॅड १,२९९ अधिक ३४९ अधिक १२९ म्हणजे १,७७७. इथे सरफेस स्वस्त वाटतो ना, पण त्या ९९९ वाल्याला साधी एलसीडी स्क्रीन आहे, आयपॅड प्रोसारखी ओलेड पाहिजे तर स्नॅपड्रॅगन एक्स एलिट चिप आणि ५१२ जीबीवालं मॉडेल घ्यायला लागतं, ते १,४९९ ला आलं. आता ५१२ जीबीचा आयपॅडही तेव्हा १,४९९ लाच होता. म्हणजे सारख्याला सारखं ठेवलं तर दोघांत फरक उरतो जेमतेम तीसेक डॉलरचा. म्हणून स्वस्त कुठला हा प्रश्न मी सोडूनच दिला.

वजनाचंही तसंच. १३ इंची आयपॅड ५७९ ग्रॅम आणि जेमतेम ५.१ मिलीमीटर जाड, हातात घेतला की खरंच खोटा वाटतो. सरफेस ८९५ ग्रॅम. पण मॅजिक कीबोर्ड स्वतःच जड आहे, तो लावला की दोघंही सव्वा किलोच्या आसपास जातात. त्यामुळे कीबोर्ड काढून हातात धरायचं काम किती आहे ते बघा, तिथे आयपॅड सरळ जिंकतो. सरफेसच्या पाठीमागे स्टँड आहे, टेबलावर तो फार छान, पाहिजे त्या कोनात उभा राहतो आणि फ्लेक्स कीबोर्ड तर काढून बाजूला ठेवला तरी चालतो. पण वनाजवरून रामवाडीला मेट्रोने जाताना मांडीवर ठेवून टायपिंग करायचं असेल तर स्टँडची कड गुडघ्यापर्यंत येते आणि टोचते, उंची कमी असलेल्यांना जास्तच. मॅजिक कीबोर्ड मांडीवर लॅपटॉपसारखा बसतो.

आता मुख्य मुद्दा, सॉफ्टवेअर. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमचं काम ज्याच्यावाचून अडतं ते एक सॉफ्टवेअर किंवा ती एक वस्तू आधी शोधा आणि बाकी सगळं नंतर. माझं सांगतो, मी डीटीपी करतो, आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्यांची कामं येतात आणि जुन्या सगळ्या फाइल्स श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या विंडोज सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आयपॅडवर ते चालत नाही, विषय संपला. मग कितीही सुंदर स्क्रीन असू दे. आयपॅडओएस २६ मध्ये विंडो लहानमोठ्या करता येतात, वर मेनू बार आलाय, एका वेळी चारपाच गोष्टी उघड्या ठेवता येतात, हे सगळं खरंच चांगलं झालंय आणि आधीपेक्षा खूप लॅपटॉपसारखं वाटतं, पण ॲप स्टोअरवर जे नाही ते नाहीच.

सरफेसवाल्यांनी मात्र लगेच खूश होऊ नये. ११व्या आवृत्तीच्या नेहमीच्या मॉडेलांत इंटेल नाही, स्नॅपड्रॅगन एक्स आहे, म्हणजे एआरएम विंडोज, मोबाइलसारख्या चिपवर चालणारं. ऑफिस, क्रोम, फोटोशॉप मस्त चालतात, इंटेलसाठी बनवलेली जुनी सॉफ्टवेअर प्रिझम नावाच्या एम्युलेटरमधून, म्हणजे दुभाष्यासारख्या प्रोग्राममधून, चालतात आणि बहुतेकदा कळतही नाही. पण एम्युलेटर ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणाऱ्या प्रोग्रामला, लागू होत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला लागतो, नसला तर तुमचा दहा वर्षांपूर्वीचा स्कॅनर किंवा सॉफ्टवेअरचं डाँगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) नुसतं खोचून बसायचं. आणि भाचीला लागतं ऑटोकॅड आणि रेव्हिट, त्यांना ऑटोडेस्क एआरएम विंडोजवर अधिकृत सपोर्ट देत नाही. तिला मी दोन्हीला नाही म्हणालो, नीट ग्राफिक्स कार्डवाला साधा लॅपटॉप घे, स्केचिंगसाठी पुढे बघू. तिला वाईट वाटलं, पण चार वर्षं सबमिशनच्या आदल्या रात्री रडण्यापेक्षा आत्ता वाईट वाटलेलं बरं.

अपग्रेडबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे. मी सहा वर्षांपूर्वी असाच एक टॅब-कम-लॅपटॉप, टू-इन-वन घेतला, थोडे पैसे वाचवायला ८ जीबी रॅमचा, आणि तिसऱ्या वर्षापासून मोठी फाइल उघडली की थांबून राहायचं. ते वाचवलेले पैसे मी वेळेत कितीतरी पटीने भरले. रॅम दोन्हीकडे बोर्डवर पक्की बसवलेली असते, नंतर काही करता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच जास्त घ्या. आयपॅड एम ४ ला २५६ आणि ५१२ मध्ये ८ जीबी होती, एम ५ ला तीच १२ झाली. त्यामुळे दुकानदार एम ४ स्वस्तात देत असेल तर हे लक्षात ठेवून मगच हो म्हणा. स्टोरेजचं वेगळं आहे. १३ इंची सरफेसमध्ये स्टँडखाली झाकण आहे आणि आतली एसएसडी बदलता येते, लहान २२३० मापाची लागते, हा त्याचा फार मोठा गुण आहे. पण २०२५ ला जो १२ इंची, ६८६ ग्रॅमचा, स्वस्त सरफेस प्रो आला त्यात ही सोय नाही, स्टोरेज पक्कं आहे, नाव तेच बघून गोंधळू नका. आयपॅडचं स्टोरेज कधीच वाढत नाही, बाहेरून ड्राइव्ह लावायची एवढंच.

ॲक्सेसरीजचंही बघून ठेवा. सरफेस प्रो ८ पासून ११ पर्यंत १३ इंचीचा कीबोर्ड एकच चालतो, घरात जुना असेल तर खर्च वाचला. आयपॅडमध्ये एम ४ चा कीबोर्ड एम ५ ला लागतो पण त्याआधीचा नाही, आणि दुसऱ्या पिढीची पेन्सिल तर एम ४ पासून चालतच नाही.

दुरुस्ती-चौकशीला पुण्यात आयपॅडवाल्यांचं बरं आहे, कोरेगाव पार्कला कोपा मॉलमध्ये सप्टेंबर २०२५ पासून ॲपलचं स्वतःचं स्टोअर आहे, हातात घेऊन तासभर लिहून बघता येतं. मायक्रोसॉफ्टने स्वतःची दुकानं २०२० मध्येच बंद केली, त्यामुळे सरफेस बघायला डीलरकडे जा आणि तो म्हणेल तो भाव व वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

बॅटरी दोघांचीही गुरुवारी लाइट गेली तरी संध्याकाळपर्यंत पुरेल इतकी आहे, त्यावर जास्त वेळ घालवला नाही.

बायकोचा निर्णय सोपा निघाला. तिला स्क्रीनवर गणितं सोडवून दाखवायची असतात, पेन कागदासारखं चालायला पाहिजे, म्हणजे आयपॅडच. पण प्रो कशाला? ११ इंची आयपॅड एअर २०२५ मध्ये ५९,९०० ला आला, पेन्सिल प्रो त्यालाही चालते, कीबोर्ड तिला लागतच नाही. चाळीस हजार वाचले.

मेहुण्यांचं अजून ठरायचंय. टॅली आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन यावर त्यांचं ऑफिस चालतं त्यामुळे विंडोज नक्की. बिल ऑफिसच्या नावाने घेतलं तर १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळेल हे त्यांनीच मला सांगितलं. प्रश्न फक्त स्नॅपड्रॅगन की इंटेल, कारण ११व्या आवृत्तीचं इंटेलवालं मॉडेलही ऑफिसांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये आलंय, पण ते तेव्हा १,४९९ डॉलरपासून सुरू झालं. शनिवारी आम्ही दोघं टोकन खिशात घालून डीलरकडे जाणार आहोत, डेमो मशीनवर ड्रायव्हर टाकायचा, एक सही करून बघायची, आणि झाली तरच स्नॅपड्रॅगनवाला घ्यायचा.