यूकेच्या लॉटरीत ऑफिसचा ग्रुप करावा का? दोन वर्षांचा अनुभव, साडेतीन स्टार

आधीच सांगतो, मी काय जुगारी माणूस नाही. मूळचा इचलकरंजीचा, सध्या स्लाऊजवळ एका वेअरहाऊसमध्ये डिस्पॅचला आहे, आणि लॉटरी म्हणजे स्टँडबाहेरच्या स्टॉलवर दोरीला चिमट्यांनी लटकवलेली तिकिटं एवढीच आयुष्यभराची ओळख. इकडे जॉईन झालो तर कॅन्टीनमध्ये सात जण दर शुक्रवारी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात दोन दोन पौंडांची नाणी टाकताना दिसले, विचारलं काय प्रकार आहे, तर म्हणाले सिंडिकेट. नाव ऐकून दचकलोच, म्हणलं हे काय दुबईचं काम आहे की काय. तर नाही, सगळ्यांनी मिळून लॉटरी काढायची, लागली तर वाटून घ्यायची. आठवा मी झालो.

खेळ आमचा लोट्टो. 1 ते 59 मधले सहा नंबर, एक ओळ दोन पौंडांची, सोडत बुधवारी आणि शनिवारी, आम्ही फक्त शनिवार खेळायचो. जॅकपॉटची शक्यता साधारण साडेचार कोटींत एक, आठ ओळी काढल्या की छप्पन्न लाखांत एक. म्हणजे ग्रुपचा फायदा आहे असं वाटतं, पण लागल्यावर आठ वाटे पडणार, म्हणजे हिशोब होता तिथंच. तरी मजा येते हे कबूल करतो, शनिवारी रात्री आठ जण फोनकडे डोळे लावून बसतात. 2024 च्या फेब्रुवारीत कॅमलॉट जाऊन ऑलविन नावाची कंपनी लॉटरी चालवायला आली, आम्हाला तिकिटात काही फरक जाणवला नाही. लागलेल्या पैशावर इथं टॅक्स नाही, आपल्याकडे सरळ 30 टक्के जातो, त्याचा एक स्टार डोळे झाकून.

बाकीचे स्टार कुठं गेले ते आता सांगतो.

पैसे गोळा करायचं आणि तिकीट काढायचं काम पेरोलवाल्या बाईकडं. इंग्लिश आहे, साठीच्या आसपास, हिशोबाला एकदम चोख. दर शनिवारी तिकिटाचा फोटो व्हॉट्सअपवर टाकणार म्हणजे टाकणारच, आणि तोही साडेसातच्या आत, कारण साडेसातला विक्री बंद होते. प्रत्येकाची आपापली ठरलेली ओळ. आमच्यात एक गुजराती काका होते, त्यांच्या ओळीत दोन्ही मुलींच्या जन्मतारखा, लग्नाची तारीख आणि एक नंबर म्हणे कुलदेवीचा, तो त्यांनी शेवटपर्यंत समजावून सांगितला नाही.

तर काका नडियादला गेले चार आठवडे. जाताना दोनच आठवड्यांचे पैसे डब्यात टाकून गेले, का तर सुट्टे नव्हते. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी काकांची ओळ बंद न करता स्वतःच्या पर्समधले दोन पौंड घातले, चौथ्यातही घातले, कुणाला बोलल्या नाहीत. आता इथं एक बारीक गोष्ट आहे बघा, लोट्टोच्या एका स्लिपवर सातच ओळी मावतात. आठवी ओळ वेगळ्या स्लिपवर जाते, तिचं तिकीट वेगळं निघतं. आणि काकांची ओळ नेहमी आठवी, कारण ते अक्षर लावून नंबर भरायला वेळ घ्यायचे.

चौथ्या शनिवारी तेच एकटं तिकीट लागलं. चार नंबर जुळले, 140 पौंड.

आता म्हणाल 140 पौंडांसाठी भांडण कसलं. ऐका. सोमवारी चहाच्या वेळेला चार पार्ट्या पडल्या. पोलिश फोर्कलिफ्टवाला म्हणाला ज्यानं पैसे भरले नाहीत तो बाहेर, सात वाटे करा, प्रत्येकी 20. बाई म्हणाल्या ते तिकीट मी माझ्या पैशानं काढलंय, तेव्हा आठ वाटे करा पण काकांचा वाटा माझा, म्हणजे त्यांना 35 आणि बाकी सहा जणांना साडेसतरा. मी आणि एक जण म्हणालो जाऊ दे की, काकांचे साडेसतरा ठेवू बाजूला, बाईंचे चार पौंड काकांनी द्यावेत. आणि काकांचा नडियादहून व्हॉईस मेसेज आला सव्वा दोन मिनिटांचा, त्यातली पहिली दीड मिनिटं घरच्यांची ख्यालीखुशाली आणि शेवटी मुद्दा, की नंबर कुणाचे? मुलींच्या जन्मतारखा कुणाच्या?

म्हणजे आमच्यासारख्यांचं भांडण अडीच पौंडांचं होतं, 20 की साडेसतरा. अडीच पौंडांत इथं धड कॉफी येत नाही. पण त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये लोक पाठीला पाठ लावून बसत होते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग मी जरा शोधाशोध केली. हे भांडण इंग्लंडमध्ये फार जुनं आहे. 1955 चा एक खटला आहे, सिम्पकिन्स विरुद्ध पेज, कायदा शिकणाऱ्या पोरांना आपल्याकडंही शिकवतात. एक आजी, तिची नात आणि घरात पैसे देऊन राहणारी एक बाई, तिघी मिळून दर आठवड्याला पेपरातल्या स्पर्धेचं कूपन भरायच्या, तिघींच्या तीन ओळी पण नाव आजीचं. बक्षीस लागलं 750 पौंड, आजी म्हणाली हा घरातला खेळ होता, कसला करार आणि कसली वाटणी. कोर्टानं सांगितलं, मिळून भरत होता म्हणजे मिळून घ्यायचं असंच तुमच्यात ठरलेलं, भाडेकरू बाईला 250 द्या. आणि लागलेली ओळ होती नातीची! म्हणजे काकांचा 'नंबर कुणाचे' हा मुद्दा 1955 सालीच निकालात निघालेला. मी हे कॅन्टीनमध्ये सांगितलं तर पोलिश गडी म्हणतो त्या भाडेकरू बाईनं पैसे भरले होते की. बरोबर आहे त्याचं पण.

पॅकिंगला एक मल्याळी पोरगा आहे, तो म्हणाला आमच्याकडं हे असलं होत नाही. 2023 मध्ये केरळात परप्पनंगाडीच्या हरित कर्म सेनेच्या 11 बायकांनी, घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या, 250 रुपयांचं एक मान्सून बंपर तिकीट मिळून काढलं आणि 10 कोटी लागले. नऊ जणींनी 25-25 रुपये घातले आणि दोघींकडं तेवढे नव्हते म्हणून त्यांनी 25 रुपयांत अर्धे अर्धे घातले. बघा, कमी पडले तर किती कमी पडले आणि त्याचा वाटा किती हे तिकीट काढायच्या आधीच ठरलेलं. आमच्या डब्यात नेमकं हेच नव्हतं. आणि मग तोच पोरगा बाईंना म्हणाला, तुम्ही त्या दुसऱ्या तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकला, त्या वेळी हे माझं आहे असं लिहिलं होतं का? बाई गप्प. फोटो टाकलाच नसता तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांच्या प्रामाणिकपणानंच त्यांची केस पडली, मला वाईट वाटलं खरं सांगायचं तर.

अमेरिकेत न्यू जर्सीत एका बांधकाम कामगारानं उलटं केलं होतं. ग्रुपचं तिकीट लागलं आणि पायाचं ऑपरेशन आहे सांगून पठ्ठ्या कामावरूनच गायब. 2012 मध्ये ज्युरीनं पाच साथीदारांच्या बाजूनं निकाल दिला, आणि तिथं अडीच पौंड नव्हते, 3 कोटी 85 लाख डॉलरचा जॅकपॉट होता.

तर सर्व्हिसबद्दल. लॉटरीवाले पैसे एकाच माणसाच्या हातात देतात, पुढं तुमचं तुम्ही बघा. हा माझ्या मते या सगळ्या प्रकारातला सगळ्यात मोठा कच्चा दुवा, अर्धा स्टार तिथं कापला. सिंडिकेटच्या कराराचा नमुना मात्र फुकट मिळतो, एक पानाचं काम आहे, मॅनेजर कोण, मेंबर कोण, दर आठवड्याला किती आणि सह्या. तो कागद जिंकायच्या आधीचा पाहिजे हं. मोठी रक्कम लागली आणि कागद नसेल तर ज्याच्या नावानं पैसे आले त्यानं बाकीच्यांना दिलेले वाटे भेट समजले जाऊ शकतात, आणि तो बिचारा सात वर्षांच्या आत गेला तर त्यावर 40 टक्क्यांपर्यंत वारसा कर बसू शकतो. आपल्या भिशीत बरं असतं, उचल कुणाची ते आधी ठरतं आणि कुणी हप्ता चुकवला तर त्याच्या घरी जाऊन बसता येतं. इथं नडियादला कोण जाणार.

आणखी एक, दुकानदार 100 पौंडांपर्यंतचं बक्षीस रोख देतोच, त्याच्यावर 500 पर्यंत त्याची मर्जी. आमचा कोपऱ्यावरचा दुकानदार भला माणूस, त्यानं 140 लगेच मोजून दिले, आणि तेच पाकीट भांडण मिटेपर्यंत नऊ दिवस पेरोलच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

शेवटी काकांना साडेसतरा दिले, त्यातून बाईंचे चार वळते केले, हातात आले साडेतेरा. काकांनी पाकीट घेतलं, मोजलं, सगळ्यांसाठी आणलेलं खाखऱ्याचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले मी आता ग्रुपमध्ये नाही. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. नंतर आम्ही कागद केला, त्यात दोन ओळी मी मुद्दाम घालायला लावल्या, की पैसे शुक्रवारी तीन वाजेपर्यंत आले नाहीत तर त्या आठवड्यात वाटा नाही, आणि दुसऱ्यानं कुणासाठी भरले तर ते उसने समजायचे, वाटा नाव असेल त्याचाच. दोन नंबर जुळले की फुकट लकी डिप, म्हणजे मशीननंच नंबर निवडलेली एक ओळ, मिळतं ते कुणाचं यावरही आधी एकदा चकमक झाली होती, तेही लिहून टाकलं, ग्रुपचं.

एकच गोष्ट लिहिता आली नाही. काका गेले पण काकांचे नंबर सोडायची कुणाची छाती होईना, उद्या आलेच तर? म्हणून आम्ही सात जण तीस पेन्स जास्त घालून आठवी ओळ अजून खेळतो. आणि परवा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो तर काका काउंटरवर उभे, स्लिप भरतायत, अक्षर लावून. तेच सहा नंबर. जॅकपॉट दोन तिकिटांना लागला तर निम्मा निम्मा होतो, म्हणजे लागलाच तर निम्मा एकट्या काकांचा आणि उरलेल्या निम्म्यात आम्ही सात. मी दूध घेतलं आणि कॅन्टीनमध्ये अजून कुणाला सांगितलेलं नाही.