एका ‘साक्षेपी’ शब्दासाठी उघडलेला महाराष्ट्र शब्दकोश

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या मावळत्या सचिवांसाठी मानपत्र लिहिताना मी त्यांना ‘साक्षेपी कार्यकर्ते’ म्हटले, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या शेजारच्या काकूंनी विचारले, “म्हणजे सारखे आक्षेप घेणारे का रे?” हा शब्द मी आजवर ‘साक्षेपी संपादक’ या जोडीतच वाचला होता आणि नेमका अर्थ मला सांगता येईना. म्हणून वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन मी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पाहिला.

१९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेल्या या कोशाचे खरे मोल त्यातील दाखल्यांत आहे, कारण जुन्या ग्रंथांत शब्द कोठे व कसा आला आहे हे तो संक्षेपाने नोंदवतो आणि वाचकाला मूळ ग्रंथाकडे वळवतो. मीही दासबोध मागून घेतला. अकराव्या दशकाच्या पाचव्या समासात समर्थ म्हणतात, ‘चौथा अत्यंत साक्षेप । फेडावे नाना आक्षेप ।’ काकूंची शंका मुळीच पोरकट नव्हती, कारण संस्कृतात ‘साक्षेप’ म्हणजे आक्षेपासहित असाच अर्थ होतो. परंतु मराठीत तो नेटाने, लक्षपूर्वक केलेल्या उद्योगासाठी रूढ झाला, आणि लोकांचे आक्षेप दूर करणे हे साक्षेपी माणसाचेच काम असल्याचे ही ओवी सांगते. तेव्हा ‘साक्षेपी समीक्षक’ म्हणताना त्याची टीका कठोर आहे असे सुचवायचे नसते, तर त्याने बारकाईने परिश्रम घेतले आहेत असे म्हणायचे असते. ‘सापेक्ष’ या शब्दाशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. कोश १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचा असल्यामुळे त्यातील अनुच्चारित अनुस्वार आज तसेच उतरवू नयेत. आणि गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत रुळलेले प्रयोग त्यात मिळणार नाहीत, ते चांगल्या गद्यातच शोधावे लागतात. तरीही अडलेल्या शब्दासाठी मी प्रथम हाच कोश उघडेन, कारण नुसता प्रतिशब्द वाचून माझे समाधान झाले नसते.

मानपत्रातील शब्द मी बदलला नाही. त्यापुढे एवढेच जोडले: ‘सोसायटीचे दप्तर त्यांनी साक्षेपाने सांभाळले आणि सभासदांचे आक्षेप शांतपणे फेडले.’ स्वच्छ प्रत काकूंनीच आपल्या हाताने लिहून दिली.