सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे पिंपल पॅड्स: डबी तळाला गेल्यावरचा अनुभव

पिंपल्सवरच्या औषधात भिजवलेल्या चकत्यांची, म्हणजे पॅड्सची, डबी संपत आली आणि नाकाच्या कडेला, ओठांच्या कोपऱ्यांत चरचरायला लागलं. तेच २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड, तसंच रात्री एकदा, आणि तोवर कधी त्रास नव्हता. वेगळा होता तो पॅड. वरचे पॅड्स जेमतेम ओलसर असतात, तळातला चिमटीत धरला की थेंब गळतो. डबी महिनोन्‌महिने उभी राहिली की द्रव खाली उतरणारच. टक्केवारी मोठ्या अक्षरांत छापतात, पण चेहऱ्यावर किती अ‍ॅसिड जातंय हे पॅड किती भिजलाय त्यावरही ठरतं, आणि त्याबद्दल डबीवर अवाक्षर नाही. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, ‘सुरुवातीला थोडी जळजळ होणं नॉर्मल आहे.’ अहो, डबी संपत आल्यावर होतंय असंच तर लिहिलं होतं!

अधूनमधून डबी उलटी ठेवली तर द्रव सगळीकडे पोहोचतो. पण या डबीचं झाकण अर्ध्या आट्यावरच अडकतं, उलटी ठेवली की पाझरते. शिवाय फट राहिली की अल्कोहोल उडून वरचे पॅड्स आणखी कोरडे. इतक्या साध्या झाकणात काटकसर का करावी? आता मी पॅड डबीच्या काठाला दाबून निथळते आणि कात्रीने अर्धा करून वापरते. अर्धा पॅड चेहऱ्याला पुरतो आणि डबी जास्त टिकते.

गुण येतो का? पहिले काही आठवडे काहीच दिसेना, तेव्हा पैसे वाया गेले असंच माझं मत होतं. ते आता बदललंय. नाकावरचे ब्लॅकहेड्स आणि कपाळावरचे बारीक व्हाइटहेड्स बरेच कमी झालेत. हे अ‍ॅसिड तेलात विरघळतं, म्हणून तेलकट रंध्रात शिरून आत चिकटलेल्या मृत पेशी सुटतात. हनुवटीवरच्या खोल, दुखऱ्या गाठींवर मात्र शून्य परिणाम.

नवीन घेणाऱ्यांनी पहिले तीन दिवस जेमतेम एका छोट्या जागेवर लावून बघा. अशा औषधांनी क्वचित गंभीर अ‍ॅलर्जी होते, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१४ मध्ये हाच सल्ला दिला होता. चेहरा, ओठ सुजले, घसा आवळला किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल गाठा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवात दिवसातून एकदाच, आणि साल निघायला लागली की एक दिवसाआड. पॅडची खरखरीत बाजू घासू नका, नुसता फिरवा. डोळ्यांच्या आसपास आणि फोड फुटलेल्या जागी लावू नका. त्याच रात्री बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीन ही पिंपल्सवरची दुसरी औषधं लावली तर त्वचा कोरडी ठक्क पडते. वरून साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन.

पुढच्या वेळी एकेक पॅड वेगळ्या पाकिटात येतो तो प्रकार घेणार आहे. महाग पडतो आणि कचराही वाढतो, पण प्रत्येक पॅड सारखा भिजलेला असतो. हनुवटीच्या गाठींसाठी स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्या गाठींवर पॅड्स खर्च करणं बंद केलंय.